गोव्याची पावडर

दिवाळीत सेनगावला गेलो की माझी नजर आधी अण्णांच्या कोपरांकडे जाते. थंडी सुरू झाली म्हणजे तिथे चंदेरी पापुद्रे, खाली लालभडक त्वचा. आजीलाही होतं म्हणे. गावात सगळे त्याला गजकर्णच म्हणायचे. अण्णा मेडिकलमधून ट्यूब आणायचे. लावली की आठ दिवसांत साफ, सोडली की दुप्पट जोमाने परत! वर आंघोळीला वज्रीने घासणं चालूच.

या वर्षी माझ्याच डाव्या कोपरावर रुपयाएवढा चट्टा उमटला. पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, सोरायसिस. घरात कुणाला आहे का? म्हटलं, गजकर्ण आहे... त्या नुसत्या हसल्या.

मग काय, शनिवार-रविवार वाचत बसलो (इंजिनिअर माणूस, बग दिसला की आधी जुने लॉग उपसणार). आणि पोचलो कुठे, तर थेट गोव्यात.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात 'गोवा पावडर' नावाची पिवळसर-तपकिरी पूड मिळायची. गजकर्णावर रामबाण. १८६४ मध्ये मुंबईतल्या केम्प नावाच्या औषधविक्रेत्याने तिच्याबद्दल लंडनच्या नियतकालिकात लिहिलं, पण ती बनते कशाची हे कोड्यात होतं. १८७४ मध्ये कलकत्त्यात नोकरी केलेले सर्जन जोसेफ फेरर यांनीही तिच्यावर लेख लिहिला. तो वाचून ब्राझीलच्या बाहियातले डॉ. दा सिल्वा लिमा यांनी १८७५ मध्ये कळवलं, अहो, ही तर आमची अरारोबा! तिथल्या जंगलातल्या एका झाडाच्या खोडातल्या भेगांमध्ये ही पूड साचते. पोर्तुगीजांची सत्ता दोन्हीकडे होती, त्यामुळे बाहियाची पूड गोव्यात आली आणि इथे गोव्याचीच होऊन बसली. (मुंबईत तिला 'पो दि बाहिया' असंही म्हणत. म्हणजे उत्तर नावातच होतं, कुणी बघितलं नाही!)

पुढचा भाग मला सगळ्यात आवडला. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांनी हीच पूड सोरायसिसवर वापरली आणि १८७८ मध्ये त्यावर पुस्तिका काढली. गोष्ट अशी सांगतात की सोरायसिसच्या एका रुग्णाने आपल्याला गजकर्णच झालंय असं समजून ती लावली होती, आणि चट्टे गेले. म्हणजे अण्णांची चूक दीडशे वर्षं जुनी आहे, फक्त त्या माणसाच्या पथ्यावर पडली.

पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल जर्मनीत पोचेना. तेव्हा तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी पावडरीतल्या द्रव्याची नक्कल केली, तिचं नाव डिथ्रॅनॉल. १९१६ मध्ये उन्ना आणि गालेव्स्की यांनी ती वापरून दाखवली. पुढे १९५३ मध्ये इंग्लंडच्या लीड्समध्ये इन्ग्रॅम यांनी डांबराची आंघोळ, अतिनील किरण आणि डिथ्रॅनॉलचा लेप अशी दिनचर्याच बसवली. गुण यायचा. पण कपडे, चादरी, बाथरूम सगळं जांभळट-तपकिरी, आणि चांगल्या कातडीला लागलं तर आग आग.

मग १९५२ पासून त्वचेवर लावायची स्टिरॉइडची मलमं आली. डाग नाही, वास नाही, आग नाही. कोण लावतंय मग ती पूड? डॉक्टरच्या देखरेखीखाली स्टिरॉइड उत्तमच औषध आहे, मीही सध्या तेच लावतोय, ठरलेले दिवस आणि मग हळूहळू कमी करत. गोची होते ती गजकर्णाच्या ट्यूबमध्ये. अशा कितीतरी ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत जहाल स्टिरॉइड असतं. त्याने गजकर्ण दबून पसरतं, कातडी पातळ होते, आणि सोरायसिसवाल्याने एकदम थांबवलं तर रोग उसळी मारतो. सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली खरी. अण्णांना मात्र चिठ्ठी कुणी मागितल्याचं आठवत नाही.

आणि ती वज्री! जर्मन डॉक्टर क्योब्नर यांनी १८७२ मध्येच दाखवलं होतं की सोरायसिसवाल्याची निरोगी त्वचा खरचटली की तिथेही नवा चट्टा येतो. आजीपासून आमच्यापर्यंत जे आलंय ते जनुकांत आहे (सहाव्या गुणसूत्रावरचा एचएलए-सी भाग त्यातला मोठा), त्याला इलाज नाही. बरं, तो असून आयुष्यभर काहीच न झालेलेही पुष्कळ. पण थंडी, घशाचा संसर्ग, ताण, काही औषधं, खरचटणं ही ठिणगी पडायची कारणं मात्र ओळखता येतात.

हे सगळं रविवारी रात्री फोनवर अण्णांना सांगितलं. वज्री बंद, अंग ओलं असतानाच व्हॅसलीन, ट्यूब आपल्या मनाने एकदम सोडायची नाही, आणि पुढच्या आठवड्यात मी येतो, नांदेडला त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊ. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला पण आलं म्हण की."

मी म्हटलं, एवढासाच आहे अण्णा, रुपयाएवढा.

"ती गोव्याची पावडर मिळते का रे अजून?"

म्हटलं, तिची नक्कल आहे, पण चादरीला डाग पडतात.

"मग तुझ्या आईला विचारावं लागंल."