शांबरिक खरोलिका
काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखवीत, निवेदनासह कथा सांगण्याचा महाराष्ट्रातील प्रयोगप्रकार. मॅजिक लँटर्न या पाश्चात्त्य यंत्राच्या आधारे कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास तो सुरू केला. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे हाताने रंगवीत. काचा कथेच्या क्रमाने लावणे व निवेदनाच्या ओघात नेमक्या वेळी बदलणे यांवर प्रयोगाचे यश अवलंबून असे. काचा झपाट्याने बदलून पात्रांच्या हालचालींचा भास निर्माण केला जाई. चित्राने प्रसंग दाखवावा व निवेदकाने त्याचा अर्थ उलगडावा, हे तत्त्व आजच्या स्लाइडसह केलेल्या सादरीकरणालाही लागू पडते. भारतीय चित्रपटाच्या पूर्वपरंपरेत या प्रयोगांना महत्त्वाचे स्थान आहे.