परसातली बारव

आमच्या वाड्याच्या मागं, गोठ्याच्या पलीकडं एक बारव आहे. नवी माणसं तिला विहीर म्हणतात. पण विहिरीत दोरानं पाणी शेंदायचं असतं, आणि बारवेत पायऱ्यांनी खाली उतरून पाण्याला हात लावता येतो. एवढा साधा फरक, पण पुढची सगळी कथा ह्या पायऱ्यांचीच आहे.

ती कुणी बांधली ते ठाऊक नाही. शिलालेख नाही की कागद नाही. साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटेची विहीर आहे, तिच्यावर मात्र दगडात कोरून ठेवलंय. वीरूबाई भोसल्यांनी शके 1641 ते 1646 म्हणजे 1719 ते 1724 ह्या काळात ती बांधली. थोरले शाहू महाराज साताऱ्याच्या गादीवर असतानाची गोष्ट. ती बघायला मी दोनदा गेलो. आत महालासारखी जागा आहे, वर बारा मोटा चालायच्या. आमची बारव म्हणजे तिच्या पासंगालाही पुरणार नाही. वीसेक फूट रुंद, गोल, अठ्ठावीस पायऱ्या, दोन बाजूंना दिवा लावायचे कोनाडे आणि वर एकाच मोटेचं थारोळं. पण दगड तोच, काळा घडीव, आणि सांध्यातला चुना अजून असा कडक की खिळा टोचला तर खिळाच वाकतो.

मोट मी स्वतः हाकलेली नाही. माझ्या आज्ज्यानं हाकली. धावेवरून बैल खाली जायचे, नाडा ताणायचा, कण्यावरचं चाक कुरकुरायचं आणि सोंदूर सैल पडला की चामड्याची मोट थारोळ्यात भडाभडा ओतायची. आमच्या वडलांनी, म्हणजे अण्णांनी, डिझेलचं इंजिन बसवलं तेव्हा मी पाळण्यात होतो. मोटेनं बैल दमले की पाणी थांबायचं. इंजिन दमत नाही. त्यामुळं बारव पहिल्यांदा तळाला गेली ती इंजिन आल्यावर, असं आज्जा म्हणायचा. मला ते पटतं.

पोरं ह्याच बारवेत पोहायला शिकली. कमरेला पांगाऱ्याचा बिंडा, नाहीतर वाळका भोपळा, नाहीतर डालड्याचा मोकळा डबा. चौथ्या दिवशी थोरला भाऊ बिंडा सोडायचा आणि मागनं ढकलायचा. शहरात पोहायला फी भरतात आणि शिट्टी घेतलेला मास्तर असतो. आमचा मास्तर म्हणजे पायरीवर बसून हसणारी पोरं.

पण पोरं म्हणजे कुठली पोरं, हे सांगायला पाहिजे. वाड्यातली, भावकीतली, माळ्याची, सुताराची. महारवाड्यातलं पोर त्या पायरीवर कधी आलं नाही. आता आम्ही बौद्धवस्ती म्हणतो, तेव्हा महारवाडाच म्हणत. तिथल्या बाया परसाच्या दगडी गडग्याबाहेर घागरी ठेवून बसायच्या. वाड्यातली कुणी बाई पाणी काढायला गेली की वरनं धार धरून त्यांच्या घागरी भरून द्यायची. तिला वेळ नसला तर त्या बसून राहायच्या. माझी आज्जी मायाळू बाई. धार धरताना ती त्यांच्याशी गप्पा मारायची, पोराबाळांचं विचारायची, बाळंतिणीला डिंकाचा लाडू द्यायची. पण घागर उंचावरनंच भरायची. एकाच माणसात दोन्ही गोष्टी राहत होत्या.

1972 साली मी बारा वर्षांचा होतो. त्या दुष्काळात आमच्या तीन रानांतल्या विहिरी आटल्या, परसातल्या बारवेला मात्र कमरेएवढं पाणी राहिलं. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं. पाटलाची सून आणि महारवाड्यातली बाई एकाच ओळीत बसून हातोडा मारायच्या. दुपारी सगळ्यांना एकच सुकडी आणि घरी गेल्यावर सगळ्यांना एकच तांबडी मिलो. भुकेनं सगळे एका रांगेत आणले. पण संध्याकाळी परसात पाण्याची रांग लागायची ती दोनच लागायची. आम्हा पोरांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण जन्मल्यापासून तेच बघितलेलं.

पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद 1868 सालीच अस्पृश्यांना खुला केला होता. स्वतःच्या घरचा, आवारातला. म्हणजे आमच्या परसात जे 1972 सालीही झालं नव्हतं, ते त्यांनी शंभराहून जास्त वर्षं आधी केलं होतं. शाळेत फुल्यांचा धडा होता, परीक्षेत प्रश्नही यायचा. हौदाच्या उत्तराला मार्क मिळायचे. परसातली रांग मात्र बदलत नव्हती.

पायऱ्यांना आणखी एक डाग होता, नारूचा. आताच्या पोरांना नारू सांगून पटत नाही. पायाला फोड यायचा, फुटायचा आणि त्यातनं पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा बाहेर डोकवायचा. हातभर, कधी दोन हात लांब. तो ओढून चालत नाही, तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला. काडीला गुंडाळत रोज बोट-दोन बोट काढायचा. कारण काय, तर नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालायचा, पाय गार वाटायचा, आणि नारूची मादी हजारो पिल्लं पाण्यात सोडायची. पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारीक किडा ती गिळायचा आणि ते पाणी आपण प्यायलो की वर्षभरानं आपल्या पायातनं दोरा. दोरानं शेंदायच्या आडाला हा रोग लागत नव्हता, कारण तिथं कुणाचा पाय पाण्याला लागतच नाही. म्हणून सरकारनं 1983-84 पासून नारू निर्मूलनाची मोहीम काढली तेव्हा पायऱ्यांच्या विहिरी बंद करा, कठडा बांधा, हातपंप घ्या, पाणी फडक्यातनं गाळून प्या, असा सगळा जोर होता. देशातला शेवटचा रोगी 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त झाला. हे फार मोठं काम झालं. त्याचं कौतुक कुणी करत नाही, कारण न दिसणाऱ्या रोगाचं कौतुक कसं करायचं?

आमच्या बारवेच्या पायऱ्यांपुढं तेव्हाच काटेरी तार लागली. पुढं नळ आला, मग रानात बोअर झाले, आणि परसाकडं कुणी बघेना.

न वापरलेल्या पाण्याला पहिल्यांदा वास येत नाही, पहिल्यांदा रंग येतो. आधी कडेला बुळबुळीत, मग हिरवट पाणी, मग वर साय धरल्यासारखा थर. मधी तर बारव इतकी हिरवीगार झाली की एक करडू गवत समजून उडी मारायला निघालेलं. कारणं आमच्याच घरची. गोठा धुतलेलं पाणी उतारानं तिकडंच. मोरीचं पाणी, त्यात साबणाची पावडर, तिकडंच. वरच्या रानात टाकलेला युरिया आणि डीएपी पहिल्या पावसात तिकडंच. पिकाला जे खत तेच शेवाळाला खत. वरून ऊन. शेवाळाला आणखी काय पाहिजे? शिवाय निर्माल्य, पिशव्या, प्लास्टरचे गणपती आणि भिंतीच्या सांध्यात उगवलेला पिंपळ.

2017 साली गावच्या पोरांनी उत्साहानं दहा किलो ब्लीचिंग पावडर आणून वरनं ओतली. दोन दिवस पाणी पांढुरकं दिसलं, पंधरा दिवसांत पुन्हा हिरवं. क्लोरीन आधी घाण जाळतो, मग उरला तर जंतू मारतो. तळात सहा फूट गाळ असताना त्या बिचाऱ्या क्लोरीननं किती लढायचं? राहिलेला उन्हानं उडून जातो.

2019 च्या उन्हाळ्यात गावाला टँकर लागला. पाच दिवसांनी एकदा पाणी. तेव्हा थोरला मुलगा म्हणाला, "तात्या, परसात पाणी असून आपण टँकरमागं पळायचं का?" भावकी बसली, बौद्धवस्तीतली चार जाणती माणसं बसली, आणि वर्गणी न काढता घरटी एक माणूस आठ दिवस असं ठरलं.

उपसा करताना घाई केली नाही. मोटर लावून एका रात्रीत बारव कोरडी करता आली असती, पण मग भिंतीमागच्या ओल्या मातीचा दाब एकदम दगडावर येतो आणि बांधकाम आत ढासळतं. रोज तीन-चार फूटच उतरवलं. हिरवं पाणी मक्याला सोडलं. जनावरांना पाजलं नाही, कारण काही जातीचं निळं-हिरवं शेवाळ विषारी असतं. गाळ उघडा पडल्यावर दोन दिवस कुणाला खाली सोडलं नाही. सडक्या गाळात वायू साठतो आणि गाळ काढायला उतरलेली माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. कंदील सोडून बघतात, पण कंदील जळतोय म्हणजे हवा चांगली असं नसतं, विषारी वायूतही तो जळू शकतो. आम्ही धान्य उफणायचा पंखा वर लावून पाइपानं हवा खाली सोडली आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून वर दोन गडी उभे केले.

यारी भाड्यानं आणली. गाळ रानात गेला, पिशव्या वेगळ्या काढून. पिंपळ उपटला नाही, कारण उपटला की दगड घेऊन येतो. मुळं कापून सांध्यात चुना भरला. त्या कामाला शेजारच्या गावातले दोन वडार भाऊ आले. त्यांनी दगडावर हात फिरवून सांगितलं की हे आमच्याच माणसांच्या टाकीचं काम आहे. शिलालेख नसलेल्या बारवेला मिळालेली ही एवढीच साक्ष. भिंती काथ्यानं आणि चुन्यानं घासल्या. तळाला दोन झरे मोकळे झाले, करंगळीएवढे. पाणी किती येईल ह्यापेक्षा येतंय हेच पुष्कळ होतं. शेवटी गोठ्याचं आणि मोरीचं पाणी चर खणून उलट्या अंगाला, शोषखड्ड्यात वळवलं. खरी दुरुस्ती ही. बाकी सगळी नुसती धुणीभांडी.

पूजेच्या दिवशी एक कुरबूर झाली. भावकीतल्या एका वडीलधाऱ्यानं कळशीभर गोमूत्र आणलं, शुद्धीसाठी म्हणून आत ओतायचं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं असं मी धरून चालतो. पण बौद्धवस्तीतली माणसं गप्प झाली, आणि ती का गप्प झाली ते मला कळलं. 20 मार्च 1927 ला महाडला डॉक्टर आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी तळं बाटलं म्हणून 108 घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही घालून ते शुद्ध करून घेतलं होतं. तळ्यावरचा हक्क कोर्टात सिद्ध व्हायला 1937 साल उजाडलं. मी शेतकरी माणूस, मला त्यातली आणखी एक गंमत दिसते. शेण-मूत म्हणजे नत्र. पाण्यात घातलं की शेवाळ. जे पाणी शुद्ध करायला निघाले ते हिरवं करायचीच सामग्री घालत होते.

मी म्हणालो, "आबा, आपण आठ दिवस गोठ्याचं पाणी बाहेर वळवायला चर खणला आणि आता तुम्ही ते कळशीनं आत आणताय होय?" लोक हसले. आबाही हसले, जरा उशिरानं. कळशी लिंबाच्या मुळाशी ओतली.

पावसाळ्यानंतर पाणी चार मीटर चढलं. रुंदी सहा मीटर धरली तर हिशेब असा: सहा गुणिले सहा गुणिले चार, गुणिले 3.14, भागिले चार. साधारण 113 घनमीटर, म्हणजे 1 लाख 13 हजार लिटर. स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागं अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर लागते, म्हणजे सगळी मिळून 280 ग्रॅमच्या आसपास. कुठं ते दहा किलो आणि कुठं हे पावशेर! आरोग्य सेविका ताईंनी रीत दाखवली. बादलीत शंभर ग्रॅमपेक्षा जास्त कालवायची नाही, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी दुसऱ्या बादलीत घेऊन दोरानं पाण्याखाली सोडायची आणि खालीवर हलवायची. तासभर कुणी पाणी काढायचं नाही. क्लोरीन उडून गेल्यावर, बऱ्याच दिवसांनी, डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडले. वर द्राक्षाच्या रोपवाटिकेतलं जुनं शेडनेट ताणलं. ऊन कमी, पालापाचोळा बंद.

पिण्यासाठी पाणी मोटरनं टाकीत जातं. पायऱ्यांचं दार पोहण्यापुरतं उघडतं, उन्हाळ्यात, सकाळी दोन तास, वर मोठं माणूस असलं तरच.

बौद्धवस्तीतल्या नानी, ऐंशीच्या पुढच्या, दार उघडल्याचं कळल्यावर नातवाला धरून आल्या. त्या वयात अठ्ठावीस पायऱ्या उतरू नका म्हणून मी सांगितलं. "बापू, तुझ्या आज्जीच्या धारेखाली लई भिजले," म्हणाल्या, "आता खालनं बघू दे." सात-आठ पायऱ्या उतरून बसल्या. पाण्यापर्यंत गेल्याच नाहीत, गुडघे देईनात. तिथनंच नातवावर ओरडल्या, "कडंकडंनं पव्ह रं, मधी जाऊ नगंस!"

यंदा शेडनेट उसवलंय. नवं घ्यायचं तर घरटी किती पैसे पडतील ह्यावर अजून एकमत नाही, आणि आबांचं म्हणणं असं की जुन्यालाच ठिगळ लावावं.