पेटी आणि दुभाषा

गेल्या दोन वर्षांत डहाणू तालुक्यात ‘कंटेनर’ हा शब्द जितका ऐकू आला तितका पूर्वी कधी आला नसेल. वाढवण बंदराच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल, असा त्याचा आराखडा आहे. मच्छीमारांचा विरोध आणि पर्यावरणाचे प्रश्न यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पुढेही लिहावे लागेल. मी वाढवणच्या उत्तरेला, डहाणूपलीकडच्या चिखल्यात राहतो. या लेखाचा विषय मात्र त्याच शब्दाचा दुसरा वंश आहे. संगणकाच्या जगातही कंटेनर आहे आणि मराठी मजकूर टिकण्याशी त्याचा जवळचा संबंध आहे.

मूळ पेटीची कथा थोडक्यात सांगतो. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूकदाराचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. लोखंडी पेटी तयार करणे फार मोठे काम नव्हते. जगाने पेटीची मापे आणि ती उचलायचे कोपरे यांवर एकमत केले, हे मोठे काम होते. आत तांदूळ आहे की यंत्राचे भाग, हे क्रेनला ठाऊक असण्याचे कारण उरले नाही.

संगणकात हीच कल्पना हळूहळू आली. १९७९ च्या सुमारास युनिक्समध्ये ‘सीएचरूट’ नावाची सोय झाली. एखाद्या प्रोग्रामला साऱ्या फाइलींऐवजी एकच कोपरा दाखवायचा आणि हेच जग आहे असे त्याला वाटू द्यायचे. २००० मध्ये फ्रीबीएसडीने याला अधिक भक्कम भिंती दिल्या व नाव ठेवले ‘जेल’. २००६ पासून गूगलच्या अभियंत्यांनी कोणत्या प्रोग्रामने किती स्मृती आणि किती प्रोसेसर वापरावा याचे रेशनिंग लिहिले. २००८ मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यात गेले. १५ मार्च २०१३ रोजी सॉलोमन हाइक्स यांनी कॅलिफोर्नियात पाचेक मिनिटांच्या भाषणात ‘डॉकर’ दाखवले. भिंती आधीच बांधलेल्या होत्या. डॉकरने पेटी भरण्याची, उचलण्याची आणि दुसरीकडे ठेवण्याची सोपी रीत दिली. प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे सामान एकत्र बांधायचे, आणि ते बांधायची कृती साध्या मजकुरात लिहून ठेवायची.

हे भाषण झाले ते ‘पायकॉन’मध्ये, म्हणजे पायथन ही संगणकभाषा वापरणाऱ्यांच्या संमेलनात. त्यामुळे आता दुभाष्याकडे वळणे सोपे जाईल.

एक भाषा, दोन दुभाषे

प्रोग्राम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला असतो, आणि यंत्राला ती कळत नाही. मध्ये इंटरप्रिटर बसतो, म्हणजे आपला दुभाषा. मजकूर वाचायचा आणि यंत्राकडून तसे करवून घ्यायचे, हे त्याचे काम. नेदरलँड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत पायथन लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती लोकांना दिली. तिचा मूळ दुभाषा सी भाषेत लिहिलेला आहे, म्हणून त्याला सीपायथन म्हणतात. पायथन म्हणजे सीपायथन असेच बहुतेक जण धरून चालतात.

पण एका भाषेचा एकच दुभाषा असावा असा नियम नाही. २००३ मध्ये आर्मिन रिगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पायपाय’चे काम सुरू केले. हा दुभाषा पायथनच्याच एका मर्यादित रूपात लिहिलेला आहे. स्वतःचीच शेपटी गिळणारा साप हे त्याचे चिन्ह त्यामुळे शोभते. प्रोग्रामचा एखादा तुकडा पुन्हा पुन्हा चालतो आहे हे त्याच्या ध्यानात आले की तो त्या तुकड्याचे तिथल्या तिथे यंत्रभाषेत रूपांतर करून ठेवतो. म्हणून लांबलचक आवर्तनांचे काम तो फार लवकर उरकतो.

दुसरा दुभाषा आला की एक जुना प्रश्न समोर येतो: भाषेचा नियम कोणता आणि पहिल्या दुभाष्याची सवय कोणती? उदाहरणार्थ, उघडलेल्या फाइलीचे काम संपले की सीपायथन ती बहुधा लगेच मिटतो, पायपाय आपल्या सवडीने मिटतो. भाषेने लगेच मिटण्याचे वचन कधी दिलेले नव्हते. त्यावर विसंबून लिहिलेला प्रोग्राम एका घरात चालतो आणि दुसऱ्यात अडखळतो.

१९९१ चे मराठी

पायथन प्रसिद्ध झाली त्याच १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक भारतीय मानक म्हणून आले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांनी मात्र तिसरीच वाट धरली. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले फॉन्ट घेऊन त्यांनी एक अख्खी पिढी छापली. स्मरणिका, सहकारी संस्थांचे अहवाल, गावांच्या इतिहासाच्या पुस्तिका, सगळे त्यात आहे. डहाणू-तलासरीच्या स्थानिक इतिहासाची साधने जमवताना माझ्याकडे अशा बऱ्याच सीडी आल्या. त्यांतल्या फाइलींत अक्षरे नाहीत, आकारांचे क्रमांक आहेत. फॉन्ट हरवला की मजकूर म्हणजे चिन्हांचा कचरा.

त्यांचे युनिकोड करणे म्हणजे निव्वळ अदलाबदल नव्हे. ‘किती’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी येते आणि ‘क’ नंतर. युनिकोडमध्ये ‘क’ आधी. ‘मार्ग’मधला रफार फॉन्टमध्ये ‘ग’नंतर असतो, युनिकोडमध्ये ‘र्’ त्याच्या आधी लागतो. पूर्ण ‘प’ हा बहुधा अर्धा ‘प’ आणि काना असे दोन आकार जोडून केलेला असतो.

एका स्नेह्याने बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिलेला रूपांतराचा प्रोग्राम मला मिळाला. तो पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत होता. १ जानेवारी २०२० पासून सीपायथनच्या चमूने त्या आवृत्तीची देखभाल थांबवली, आणि डेबियन लिनक्सने २०२३ च्या आवृत्तीतून ती काढूनच टाकली. पायपाय स्वतः त्याच जुन्या पायथनवर बांधलेला असल्याने त्या चमूने मात्र जुनी आवृत्ती सोडली नाही. मूळ दुभाष्याने निरोप दिलेली भाषा पर्यायी दुभाष्याने बोलती ठेवली आहे.

मी दोन पेट्या बांधल्या. कृतीच्या कागदावर पहिली ओळ, कोणता दुभाषा घ्यायचा ती, आणि शेवटची, त्याला हाक मारायची, एवढ्याच वेगळ्या. एकीत जुना सीपायथन, दुसरीत पायपाय. प्रोग्राम तोच, फाइली त्याच. पायपाय वेगवान होता यात आश्चर्य नव्हते. विचार करायला लावले ते निराळ्याच गोष्टीने. दोन्हींचे उत्तर काही ठिकाणी जुळत नव्हते. पायपायकडून ‘प’ आला होता तिथे सीपायथनकडून ‘प्‍ा’ असे मोडके अक्षर आले होते.

कारण बदलांच्या कोष्टकात होते. ‘अर्धा प आणि काना मिळून प’ ही ओळ लेखकाने आधी लिहिली होती, ‘नुसता अर्धा प म्हणजे प्’ ही नंतर. क्रम महत्त्वाचा होता. पण हे कोष्टक ज्या रचनेत ठेवले होते तिच्यातल्या नोंदींचा क्रम जुना सीपायथन पाळत नाही. तो नोंदी आपल्या हिशेबाने काढतो. पायपायने २०१५ मध्येच लिहिलेला क्रम जपायला सुरुवात केली होती. लेखकाच्या मनातला क्रम दुसऱ्या दुभाष्याला कळला.

या तपशिलाचा पुढचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. या रचनेची मूळ कल्पना रेमंड हेटिंगर यांची, २०१२ मधली. ती प्रथम पायपायने प्रत्यक्षात आणली. २०१६ मध्ये सीपायथनने ती उचलली, आणि २०१८ पासून क्रम जपणे हा पायथन भाषेचाच नियम झाला. पर्यायाने मूळ भाषा घडवली.

पाठभेद

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना वेगवेगळ्या लिप्यांतली शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली. जिथे पाठ जुळत नाही तिथेच संपादकाचे काम सुरू होते, हे त्या परंपरेने आपल्याला शिकवले. माझ्या दोन पेट्यांनी त्याहून निराळे काही केले नाही. एकच दुभाषा असता तर मोडकी अक्षरे मूळ टंकलेखकाची म्हणून मी टिपेत नोंदवली असती, आणि पुढच्या अभ्यासकाने ती खरी मानली असती.

पेटीचा मोह असा की एकदा बांधली की काळ थांबला असे वाटते. तसे होत नाही. डॉकरची पेटी स्वतंत्र यंत्र नसते, खालच्या यंत्रातल्या लिनक्सच्या गाभ्यावरच ती चालते. बहुधा एका जातीच्या प्रोसेसरसाठीच ती बांधलेली असते, आणि जिथे ठेवली ते कोठार कोणाच्या तरी मालकीचे असते. पेटी आपल्याला वाहून नेण्याची सोय देते, स्वावलंबन देत नाही. ते येते लिहून ठेवलेल्या नियमातून, आणि एकाहून अधिक दुभाष्यांना तो नियम सारखा वाचता येण्यातून.

म्हणून ग्रंथालये आणि इतिहास मंडळे जुना मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणत आहेत त्यांना माझी विनंती आहे. नवी फाइल तयार झाली म्हणून जुनी टाकू नका. मूळ फाइल, फॉन्ट, रूपांतराचा प्रोग्राम आणि पेटी बांधण्याची कृती, ही चारही एकत्र ठेवा. बदलांचा क्रम प्रोग्राममध्ये स्पष्ट लिहा. आणि तो निदान दोन दुभाष्यांकडून चालवून पाहा. उत्तरे जुळली तर थोडा विश्वास ठेवता येईल. न जुळली तर तिथे आपला एखादा शब्द वाचवायचा राहिला आहे असे समजावे.