कापसाच्या दलालापासून इस्टेट एजंटापर्यंत

जमीन, प्लॉट, घर किंवा दुकान यांच्या व्यवहारात मोबदला घेऊन दोन पक्षांची गाठ घालून देणारी व्यक्ती म्हणजे इस्टेट एजंट. बोलीभाषेत त्याला आजही दलालच म्हणतात. अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन प्रमुख शहरांत मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी अनेकदा या एका व्यक्तीच्या शब्दावर गुंतविली जाते. असे असूनही या व्यवसायाला दीर्घकाळ ना परीक्षा होती, ना परवाना. वास्तविक परवानाधारक दलाल ही कल्पना वऱ्हाडला नवी नाही. कापसाच्या बाजारात ती सव्वाशे वर्षांपूर्वीच अवतरली होती.

कापसाचा वारसा

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाची मागणी एकाएकी वाढली. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला व बडनेऱ्यापर्यंत पोहोचली. अडत्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले आणि शेतकरी व व्यापारी यांच्यामध्ये दलाल हा घटक स्थिरावला.

भाव आणि वजन या दोन्हींत शेतकरी नाडला जात असल्याने बाजारावर नियंत्रण आणण्याचे प्रयत्न झाले. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे १८८६ मध्ये देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ सुरू झाली. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. बाजारावर देखरेख करणारी समिती नेमणे आणि दलाल व मापाऱ्यांना परवाना देणे ही त्या व्यवस्थेची मुख्य अंगे होती.

इंग्रजी अमलातील जमीन मोजणीने प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला. खातेदाराला जमीन विकण्याचा व गहाण ठेवण्याचा हक्क मिळाला. शेत ही बाजारात येऊ शकणारी वस्तू ठरली. कापसाच्या दलालाला नियमांत बांधणाऱ्या या प्रदेशात जमिनीचा दलाल मात्र पुढे सव्वाशे वर्षे मोकळाच राहिला.

शेतांचे ले-आऊट

१५ ऑगस्ट १९८३ रोजी अमरावती महानगरपालिका अस्तित्वात आली. त्याच वर्षी अमरावती विद्यापीठाचीही स्थापना झाली. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ होते. तेथे महानगरपालिका २००१ मध्ये झाली आणि २०१६ मध्ये लगतची गावे शहराच्या हद्दीत आली. परकोटाच्या आतले जुने अमरावती आणि मोर्णेकाठचे जुने अकोला मागे पडून वस्ती चारही दिशांनी पसरली. कठोरा, रहाटगाव, कौलखेड, मलकापूर या नावांपुढे 'नगर' आणि 'कॉलनी' लागत गेल्या.

रस्त्यांनी या वाढीला वेग दिला. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरचा डांबरी थर पाच दिवसांच्या आत अखंड टाकण्यात आला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. असा प्रत्येक प्रकल्प जाहीर होताच त्याच्या आसपास प्लॉटचे फलक लागतात आणि एजंटांची वर्दळ सुरू होते.

या व्यवसायात येण्याच्या वाटा

शाळा-महाविद्यालयातून थेट इस्टेट एजंट झालेला माणूस विरळा. कोणी विमा एजंट असतो, कोणी निवृत्त तलाठी, कोणी निबंधक कार्यालयाबाहेर दस्त लिहिणारा अर्जनवीस. चौकातला पानठेलेवाला किंवा झेरॉक्सच्या दुकानाचा मालकही कोणाचे घर रिकामे आहे, हे इतरांआधी जाणतो. बाजार समितीतल्या अडतीवर उमेदवारी केलेल्यांना सौदा जुळविण्याची कला आधीच अवगत असते.

सुरुवात बहुधा भाड्याच्या खोल्यांपासून होते. विद्यापीठ, अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये आणि खासगी शिकवणी वर्ग यांमुळे दोन्ही शहरांत दरवर्षी बाहेरगावचे विद्यार्थी येतात. त्यांना खोली मिळवून देताना गल्ली, घरमालक आणि त्यांचे स्वभाव पाठ होतात. पुढची पायरी जुन्या घरांच्या व प्लॉटच्या फेरविक्रीची. त्यानंतर काही जण शेतजमिनीच्या सौद्यांत उतरतात, काही भागीदारीत जमीन घेऊन ले-आऊट पाडतात आणि मोजके बांधकाम व्यावसायिक होतात. या शिडीवरून घसरणारेही थोडे नसतात. बयाणा देऊन अडकविलेली जमीन मुदतीत विकली गेली नाही, तर एजंटाची स्वतःची पुंजी बुडते.

उत्पन्नाचा नेम नसणे हे या जीवनाचे मुख्य लक्षण होय. दलाली साधारणतः व्यवहाराच्या एक ते दोन टक्के ठरते. तीही विक्रीपत्र झाल्यावर हाती पडते. सौदा मोडला की महिन्यांची पायपीट वाया जाते. पितृपंधरवड्यात कामकाज थंडावते. दसरा, गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेला ते उसळी घेते. कापूस-सोयाबीनचे भाव पडले की शेतकरी कुटुंबे शहरातला प्लॉट पुढे ढकलतात. २०१६ च्या नोटाबंदीने रोखीचे सौदे गोठविले, तर कोरोनाकाळात सप्टेंबर २०२० पासून काही महिने मिळालेल्या मुद्रांक शुल्क सवलतीने निबंधक कार्यालयांत पुन्हा गर्दी आणली.

कागदांची जाण

चांगल्या एजंटाची खरी पुंजी म्हणजे कागदांची जाण. वऱ्हाडात ती सोपी नाही. येथे विदर्भासाठीचा १९५८ चा स्वतंत्र कूळकायदा लागू असून त्याच्या कलम ८९ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीविना शेतजमीन घेता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही. मेळघाट असलेल्या अमरावती जिल्ह्यात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. जुन्या वस्त्यांतील कित्येक भूखंड नझूलचे, म्हणजे शासनाने भाडेपट्ट्याने दिलेले असतात. तेथे सातबाराऐवजी आखीव पत्रिका पाहावी लागते. अमरावतीच्या दस्तांत मौजाच्या पुढे 'प्रगणे बडनेरा' किंवा 'प्रगणे नांदगाव पेठ' असा उल्लेख आजही आढळतो. मध्ययुगीन महसूल व्यवस्थेची ही खूण न कळणारा एजंट भलत्याच शेतावर ग्राहकाला उभा करू शकतो.

परवाना आला, पण अर्धाच

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६, म्हणजेच 'रेरा', महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याच्या कलम ९ अन्वये नोंदणीकृत प्रकल्पातील प्लॉट वा सदनिका विकणाऱ्या एजंटाला महारेराकडे नोंदणी सक्तीची झाली. ही नोंदणी पाच वर्षांसाठी असते. नोंदणीविना व्यवसाय केल्यास दररोज १० हजार रुपये आणि कमाल मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. महारेराने पुढे प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक केली. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली आणि १ जानेवारी २०२४ पासून पात्रता प्रमाणपत्र बंधनकारक ठरले.

तथापि हे कुंपण सर्व शेताला नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. जुन्या घराची फेरविक्री, भाड्याचे व्यवहार आणि शेतजमिनीचे सौदे या तरतुदीबाहेरच राहतात. मध्यम शहरांतील एजंटाचे बरेचसे काम नेमके याच व्यवहारांत असते. तेथे ग्राहकाचे रक्षण करणारी गोष्ट एकच, त्याची स्वतःची सावधगिरी.

ग्राहकाने काय पाहावे?

प्रकल्प नवा असल्यास प्रकल्प व एजंट या दोहोंची नोंदणी महारेराच्या संकेतस्थळावर तपासावी. अशा प्रकल्पात नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकाला मनाई आहे, हे ध्यानात ठेवावे. ले-आऊटचा नकाशा मंजूर आहे का आणि शेतजमिनीचा बिगरशेती वापर नियमानुसार आहे का, याची खात्री संबंधित कार्यालयातूनच करावी. बयाण्यापूर्वी किमान ३० वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यावा. दलाली किती, कोणाकडून आणि केव्हा द्यायची, हे आधीच लिहून घ्यावे. दोन्ही पक्षांकडून ती घेतली जाणार असेल, तर दोघांनाही ठाऊक असावे.

जाणता एजंट यातील एकाही प्रश्नाने दुखावत नाही. उलट कागदांची पिशवी स्वतःच पुढे करतो. कागद मागताच जो 'माझ्यावर विश्वास नाही का?' असे विचारतो, त्याच्यापासून चार हात दूर राहणेच श्रेयस्कर.