नव्या रानात गुरं थांबतात कशी? टेक्सासची दरी आणि काटेरी तार

बाजारातून नवा बैल आणला की पहिले काही दिवस त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो. दावं सुटलं की गडी जुन्या मालकाच्या गावाची वाट धरतो. गावाकडच्या कुणालाही विचारा. आता एका बैलाच्या जागी सोळाशे गुरं आहेत असं समजा. गोठा नाही, दावं नाही, कुंपण तर नाहीच. ही गुरं अनोळखी रानात सोडायची आणि ती तिथेच राहिली पाहिजेत. कसं करणार?

आजच्या भागात याच प्रश्नाचा इतिहास ऐकूया. ठिकाण अमेरिकेतलं टेक्सास आणि काळ १८७४ ते १८८६. जेमतेम बारा वर्षं, पण या बारा वर्षांत सगळं उलटंपालटं झालं.

त्या काळात गुरांचे कळप शेकडो मैल चालवत न्यायचे. काऊबॉय म्हणजे आपल्या भाषेत घोड्यावरचा गुराखी. या लोकांना गुरांचा स्वभाव पक्का माहीत होता. निघाल्यावर पहिले काही दिवस ते कळप मुद्दाम जोरात हाकायचे. एक तर ओळखीचं रान लवकर मागे पडायचं, आणि दुसरं म्हणजे रात्री गुरं इतकी दमलेली असायची की पळायचं त्यांच्या डोक्यातच यायचं नाही. नव्या कुरणात पोचल्यावर मात्र घाई बंद. पाणी दाखवायचं, चरू द्यायचं आणि कडेकडेने पहारा ठेवायचा.

हा पहारा म्हणजेच त्या काळचं कुंपण. कुरणाच्या हद्दीवर झोपड्या असायच्या. तिथे राहणारे घोडेस्वार रोज हद्दीवरून चक्कर मारायचे, बाहेर गेलेल्या गुरांचे माग काढायचे आणि त्यांना परत आत वळवायचे. दिवसेंदिवस हेच काम. मग हळूहळू गुरांना पाणवठा कळतो, आडोसा कळतो, आणि ती स्वतःहून थांबतात.

१८७६ साली चार्ल्स गुडनाइट नावाच्या पशुपालकाने यापेक्षा सोपी युक्ती शोधली. तो सुमारे १,६०० गुरं घेऊन पालो ड्युरो नावाच्या दरीत उतरला. ही दरी सुमारे १९० किलोमीटर लांब आहे आणि तिचे कडे कित्येक ठिकाणी अडीचशे मीटर उंच आहेत. उतरायची वाट इतकी अवघड होती की सामानाची गाडी सुटी करून खेचरांवर लादून खाली न्यावी लागली. पण एकदा खाली पोचलं की काम फत्ते! गवत आहे, वाहतं पाणी आहे, थंडीत वाऱ्यापासून आडोसा आहे आणि दोन्ही बाजूंना निसर्गाच्या भिंती. पहारा ठेवायचा तो फक्त वर जाणाऱ्या वाटांवर. दरीत आधीपासून बायसनचे मोठे कळप चरत होते. गुरांसाठी गवत राहावं म्हणून त्यांना हाकलून लावलं.

पण थांबा. इतकी सोन्यासारखी जागा, आणि तिथे माणूस कसा नव्हता?

माणसं होती. कोमांची, कायोवा आणि शायान लोक या दरीत हिवाळा काढायचे. २८ सप्टेंबर १८७४ रोजी कर्नल मॅकेन्झीच्या घोडदळाने त्यांच्या तळांवर हल्ला केला. माणसं फार मारली गेली नाहीत. पण सैन्याने हिवाळ्यासाठी साठवलेलं अन्न आणि तंबू जाळले, चौदाशेच्या आसपास घोडे पकडले आणि त्यातले हजारावर गोळ्या घालून मारले. घोडा नाही म्हणजे शिकार नाही, प्रवास नाही. पुढच्या वर्षभरात या लोकांना सरकारने नेमून दिलेल्या राखीव भागात शरण जावं लागलं. म्हणजे गुडनाइटला मिळालेलं कुरण मुळात रिकामं नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी ते रिकामं करवून घेतलं होतं.

त्याच १८७४ सालच्या नोव्हेंबरमध्ये इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याला काटेरी तारेचं पेटंट मिळालं. या स्वस्त तारेने खेळ बदलला. दरीची गरज नाही, घोडेस्वारही कमी लागतात. पण काहींनी सरकारी जमीन आणि पाणवठेसुद्धा तारेत घेतले. १८८३ च्या दुष्काळात ज्यांची गुरं पाण्यावाचून तडफडत होती, ते रात्री जाऊन तारा तोडू लागले. गोळीबार झाले. १८८४ मध्ये टेक्सासने तार तोडणं हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरवला. दुसऱ्याच्या किंवा सरकारी जमिनीला कुंपण घालणं हाही गुन्हा ठरला, पण त्याची शिक्षा बरीच सौम्य होती.

तारेचा खरा हिशेब मात्र जानेवारी १८८६ मध्ये झाला. हिमवादळ आलं की गुरं वाऱ्याकडे पाठ करून चालू लागतात आणि आडोसा मिळेपर्यंत चालतच राहतात. उत्तरेची गुरं अशी वाहत आपल्या कुरणात येतात म्हणून टेक्सासच्या पशुपालकांनी पूर्व-पश्चिम अशी तीनशे किलोमीटरच्या आसपास लांबीची तार ठोकली होती. त्या वादळात हजारो गुरं या तारेपाशी येऊन अडली. पुढे जाता येईना, आणि वाऱ्याला तोंड देऊन ती मागेही फिरेनात. मागून येणारी गुरं पुढच्यांवर चढत गेली. तारेच्या कडेने गोठलेल्या जनावरांचे ढीग लागले. हद्दीवरचा घोडेस्वार निदान वादळ बघून वाट मोकळी करू शकला असता. तारेला वादळ कळत नाही.

आज काही देशांत गुरांच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधतात. मालक फोनवर बोटाने रेघ ओढतो. गाय रेघेजवळ आली की पट्टा वाजतो, तरीही पुढे गेली तर हलका झटका बसतो. पण इथेही पहिले काही दिवस गाईला त्या आवाजाची सवय लावावीच लागते. सवय लागेपर्यंत कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं, हे दीडशे वर्षांनंतरही तसंच आहे.

तुमच्या गावात नवं जनावर रुळवायला काय करतात? आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटूया!