दाखल्यावरचा शेरा

लष्कराचा इतिहास म्हटला की लढाया, सेनापती आणि तह डोळ्यांपुढे येतात. आजचा विषय त्याहून पुष्कळ लहान आहे. तो एका कागदाचा इतिहास आहे. शिपाई नोकरीवरून सुटतो तेव्हा त्याच्या हातात एक दाखला पडतो, आणि त्यावर दोन-चार शब्दांचा एक शेरा असतो. आपल्याकडे सातारा-सांगलीच्या खेड्यांतून पेन्शनीत आलेला शिपाई आपले डिस्चार्ज बुक ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवतो, ते उगाच नव्हे. गावात त्याची पत त्या कागदावर ठरते. परंतु या शेऱ्याचे महत्त्व जितके अमेरिकेत वाढले तितके क्वचितच दुसरीकडे वाढले असेल, आणि तो बदलून मागण्याचा हक्कही तिथेच कायद्याने सविस्तर बांधला गेला. म्हणून आज अमेरिकेकडे वळू.

प्रश्न असा आहे. एखाद्या शिपायाने चोरी केली नाही, तो पळून गेला नाही, वरिष्ठांचा अवमान केला नाही. त्याची दौड वेळेत पुरी होत नाही किंवा कंबर नियमापेक्षा एक इंच जास्त भरते, एवढेच. अशा माणसाला लष्कराने घरी पाठवावे हे समजू शकते. पण त्याच्या दाखल्यावर काय लिहावे? आणि जे लिहिले ते अन्यायाचे वाटले तर त्याने दाद कोठे मागावी?

स्वातंत्र्ययुद्ध संपत आले तेव्हा, १७८३ साली, अमेरिकन शिपायांना छापील दाखले मिळाले आणि त्यांतील कित्येकांवर खुद्द वॉशिंग्टनची सही होती. त्या काळी दाखल्याचे काम सोपे होते. हा मनुष्य पळून आलेला नाही, रीतसर सुटलेला आहे, एवढे सांगितले की झाले. पुढे सैन्य वाढले, कचेऱ्या वाढल्या, आणि सन्मानाने सुटलेला आणि कोर्टमार्शलने हाकललेला या दोहोंच्या मध्ये एक तिसरी जात निर्माण झाली. १९१६ साली या मधल्या जातीसाठी निळ्या कागदावर छापलेला दाखला निघाला. सन्मानाचाही नाही आणि अपमानाचाही नाही, असे त्याचे वर्णन असे. लोकांनी त्याचा अर्थ मात्र एकच केला. निळा कागद दिसला की नोकरी देणारा दार लावून घेई.

हा कागद कोणाला मिळे? लष्करी नियमावलीच्या आठव्या कलमात अकुशलता, वाईट सवयी आणि स्वभावदोष हे तिन्ही शेजारी शेजारी बसविलेले होते. ज्याला कवायत जमत नाही तो, आणि ज्याचे वर्तन लष्कराला नापसंत आहे तो, दोघेही एकाच दारातून बाहेर. ज्याला जमत नाही आणि जो करीत नाही यांतला फरक एका ओळीने पुसून टाकलेला होता. १९४४ साली ही कलमे वेगळी करण्यात आली हे खरे. पण तोवर हजारो माणसे त्या दारातून गेलेली होती. डिसेंबर १९४१ ते जून १९४५ या काळात अमेरिकन लष्कराने ४८,६०३ निळे दाखले दिले. त्यांपैकी १०,८०६ कृष्णवर्णीय शिपायांच्या वाट्याला आले, म्हणजे शेकडा २२ हून अधिक. लष्करातील त्यांची संख्या त्या वेळी शेकडा साडेसहाच्या आसपास होती. समलिंगी असल्याच्या संशयावरून काढलेल्यांनाही हाच कागद देत. वरिष्ठाच्या मर्जीवर चालणारा शेरा कोणाच्या कपाळी जास्त बसतो, हे या आकड्यांवरून उघड होते.

याच सुमारास या कागदाला पैशाची किंमत आली. २२ जून १९४४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ज्या कायद्यावर सही केली तो ‘जी. आय. बिल’ या नावाने प्रसिद्ध आहे. परतलेल्या शिपायाला शिक्षणाचा खर्च, घरासाठी कर्जाची हमी, बेकारीत भत्ता अशा सवलती या कायद्याने दिल्या. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षणाचा किंवा धंदेशिक्षणाचा लाभ घेतला. अट अशी होती की सेवामुक्ती अपमानास्पद नसावी. निळा दाखला अपमानास्पद नव्हता, तेव्हा त्याला सवलत मिळावयास हवी होती. पण माजी सैनिकांचे खाते ते प्रत्येक प्रकरणात आपल्या मनाप्रमाणे ठरवू लागले आणि पुष्कळांना नाही म्हणू लागले. ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राने ऑक्टोबर १९४५ मध्ये याविरुद्ध मोहीम उघडली. लोकप्रतिनिधींच्या समितीने चौकशी करून जानेवारी १९४६ मध्ये अहवाल दिला आणि या पद्धतीवर कडक टीका केली. १ जुलै १९४७ पासून निळा दाखला बंद झाला. त्याच्या जागी दोन नवे शेरे आले: एक ‘सर्वसाधारण’ आणि दुसरा ‘अनिष्ट’. रंग गेला, पण मधली जात राहिली.

ज्या कायद्याने शेऱ्याला किंमत आणली त्याच कायद्याने दाद मागण्याचा दरवाजाही उघडला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९४४ च्या कायद्याच्या ३०१ व्या कलमाने प्रत्येक दलात फेरतपासणी मंडळ स्थापन करण्याची तरतूद केली. पाच सभासदांपुढे शिपायाने स्वतः हजर व्हावे, सोबत सल्लागार आणावा, पुरावा मांडावा. वरिष्ठ कोर्टमार्शलने दिलेली शिक्षा सोडून बाकी कोणताही दाखला हे मंडळ बदलू शकते. मुदत पंधरा वर्षांची. शारीरिक अपंगत्वामुळे निवृत्तिवेतनाविना सोडलेल्या अधिकाऱ्यांसाठी ३०२ वे कलम निराळे होते. दोन वर्षांनी, १९४६ साली, दुसरा दरवाजा उघडला. तोवर लष्करी नोंदीतील चूक दुरुस्त करण्यासाठी काँग्रेसमध्ये एकेका माणसापुरते खाजगी विधेयक आणावे लागे. त्या कामाने प्रतिनिधी बेजार झाले आणि त्यांनी ते मुलकी सभासदांच्या मंडळाकडे सोपविले. चूक सुधारणे आणि अन्याय दूर करणे, असे त्या मंडळाचे दुहेरी काम कायद्यात लिहिलेले आहे. चूक आणि अन्याय हे दोन वेगळे शब्द वापरले, यात शहाणपण आहे. सर्व नियम पाळूनही अन्याय होऊ शकतो, अशी ही कबुली आहे.

दरवाजे उघडले तरी शेरा कशाच्या आधारावर लिहावा हा वाद उरलाच. १९५८ साली ‘हार्मन विरुद्ध ब्रकर’ या खटल्यात तो सर्वोच्च न्यायालयापुढे आला. भरतीपूर्वी कोणत्या मंडळींत ऊठबस होती यावरून लष्कराने एका शिपायाला कमी प्रतीचा दाखला दिला होता. न्यायालयाने सांगितले की शेरा लष्करी सेवेच्या नोंदीवरूनच ठरला पाहिजे. सेवेबाहेरची गोष्ट त्यात ओढण्याचा मंत्र्याला अधिकार नाही. म्हणजे दाखला हे सेवेचे मूल्यमापन आहे, माणसाचे नव्हे, हे तत्त्व प्रस्थापित झाले.

आता शरीराच्या कसोटीकडे येऊ. अमेरिकन सैन्यात ही कल्पना रुजविणाऱ्यांत थिओडोर रूझवेल्ट यांचे नाव अग्रभागी आहे. कचेरीत बसून सुटलेले अधिकारी पाहून त्यांनी हुकूम काढला की आरमारी अधिकाऱ्यांनी तीन दिवसांत पन्नास मैल चालावे आणि लष्करी अधिकाऱ्यांनी नव्वद मैल घोडदौड करावी. तक्रारी आल्या तेव्हा १३ जानेवारी १९०९ रोजी अध्यक्षमहाराज स्वतः घोड्यावर बसले आणि गारठ्या-पावसात व्हर्जिनियातील वॉरेंटनला जाऊन त्याच दिवशी परत आले. अंतर सुमारे शंभर मैल. कसोटी लावणाऱ्याने आधी ती स्वतः द्यावी, हा धडा त्यात होता.

पुढे सक्तीची भरती संपून पगारी सैन्य आले, आणि १९८० साली अध्यक्ष कार्टर यांनी सैन्याच्या शारीरिक क्षमतेची पाहणी करविली. १९८१ च्या आदेशाने सर्व दलांत चरबीचे प्रमाण मोजण्याची पद्धत आली. मोजण्याचे साधन म्हणजे साधी फीत. मान आणि कंबर मोजावी, स्त्रियांच्या बाबतीत नितंबही, आणि कोष्टकावरून चरबीचा अंदाज काढावा. जाड मानेचा मनुष्य त्यात तरून जातो आणि बारीक मानेचा बुडतो. हवाई दलाने २०१० पासून शंभर गुणांच्या परीक्षेत कंबरेलाही गुण ठेवले. उत्तीर्ण होण्यास पंचाहत्तर गुण लागत, आणि पुरुषाची कंबर ३९ इंचांवर किंवा स्त्रीची साडेपस्तीस इंचांवर गेली की बाकी गुण कितीही असोत, नापास. चोवीस महिन्यांत चार वेळा नापास झालेल्याला ठेवावे की सोडावे याची शिफारस वरिष्ठाला करावी लागे. सोडताना दाखल्यावर ‘सन्माननीय’ लिहावे की ‘सर्वसाधारण’, हेही बऱ्याच अंशी वरिष्ठांच्या हाती असे.

ऐकणाऱ्याला वाटेल, दोन शब्दांत एवढे अंतर ते काय? ‘सर्वसाधारण’ शेऱ्याच्या शिपायाला औषधोपचार आणि घराचे कर्ज बहुधा मिळते. पण शिक्षणाची सवलत पूर्ण ‘सन्माननीय’ शेऱ्याशिवाय मिळत नाही. २००८ साली झालेल्या आणि १ ऑगस्ट २००९ पासून अमलात आलेल्या नव्या शिक्षण कायद्यातही हीच अट आहे. म्हणजे गरीब घरातला मुलगा कॉलेजच्या आशेने भरती झाला, काही वर्षे नीट चाकरी केली आणि शेवटी दौडीत मागे पडला, तर त्याचे कॉलेज त्या एका शब्दापाशी अडते.

मग तो अर्ज करतो. सहा महिने गेले की शेरा आपोआप सुधारतो, अशी एक समजूत बराकींतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती साफ खोटी आहे. मागितल्याशिवाय काही मिळत नाही, आणि मागणाऱ्यालाच सिद्ध करावे लागते, कारण सरकारचे काम रीतसर झाले असेच मंडळ आधी धरून चालते. आधार दोन: रीत चुकली, किंवा न्याय चुकला. परीक्षेपूर्वी सुधारण्याची संधी नियमाप्रमाणे दिली नाही, गुडघ्याचा विकार डॉक्टरांच्या कागदात असूनही पाहिला नाही, ही झाली रीतीची चूक. बाकी सारी सेवा निष्कलंक असता एका उणिवेने शेरा खाली ओढला, ही झाली न्यायाची. ज्याचे म्हणणे असे की आपण आजारी होतो आणि आपल्याला अपंगत्वाची निवृत्ती मिळावयास हवी होती, त्याला फेरतपासणी मंडळ ती देऊ शकत नाही. त्याने नोंद-दुरुस्ती मंडळाकडे जावे. तिथे मुदत चूक कळल्यापासून तीन वर्षांची, पण न्यायासाठी ती माफ करता येते.

न्यायाच्या आधारात एक तरतूद फार मोलाची आहे. नंतर नियम बदलले, नव्या नियमांनी शिपायाचे हक्क बरेच वाढविले आणि आज त्याला तोच शेरा मिळाला असता की नाही याची दाट शंका असेल, तर मंडळ दिलासा देऊ शकते. याचे महत्त्व असे की फीत खरोखरच बदलत गेली. हवाई दलाने २०२१ साली कंबरेचे गुण परीक्षेतून काढले आणि पुढे उंचीच्या प्रमाणात कंबर पाहण्याची रीत आणली. लष्कराने २०२३ साली परीक्षेत उत्तम गुण मिळविणाऱ्यांना चरबीच्या मोजणीतून सूट दिली. कालच्या फितीने जो नापास झाला तो आजच्या फितीने कदाचित पास होईल. सन २०१४ पासून संरक्षण खात्याने मंडळांना एकामागून एक सूचना दिल्या की मनावरील आघाताची प्रकरणे उदारपणे पाहा. २०१८ साली दयेचा विचारही स्पष्टपणे मांडला गेला.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. रणांगणावर जखमी सोबत्याला उचलून आणण्याची ताकद नसलेला शिपाई इतरांच्या जिवाशी खेळतो. कसोटी ढिली केली तर किंमत दुसराच कोणी देतो. शिवाय निष्काळजीपणाने अंग सुटू देणाऱ्याला आणि मेहनतीने तयार राहणाऱ्याला एकच शेरा दिला, तर शेऱ्याला अर्थ काय राहिला? हा आक्षेप खरा आहे. पण तो सेवेतून सोडण्याचे समर्थन करतो, कलंक लावण्याचे नव्हे. निष्काळजीपणा असेल तर तो दाखवून द्यावा आणि नावानिशी लिहावा. नुसती फीत दाखवून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही.

कोण लढण्यास लायक, हे फितीने मोजण्यापूर्वी जातीने मोजले जात होते, याचा आपल्या इतिहासात पुरावा आहे. ब्रिटिशांनी १८९२ च्या सुमारास महारांची लष्करातील भरती बंद केली. शौर्याची परंपरा असलेले लोक एका हुकमाने नालायक ठरले. १८ जानेवारी १९४३ रोजी रानडे जयंतीच्या पुण्यातील व्याख्यानात डॉ. आंबेडकरांनी सांगितले की या हुकमाविरुद्ध केलेला अर्ज त्यांना वडिलांच्या कागदपत्रांत सापडला होता, आणि तो न्यायमूर्ती रानड्यांनी तयार करून दिल्याचे त्यांना समजले होते. पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू करणारे ते हेच रानडे. तो अर्ज फळला नाही. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावे लागले.

दोन्ही गोष्टींची तुलना मर्यादेतच करावी. जात आणि दौड एक नव्हेत. दौड सुधारता येते. परंतु दोन्हीकडे एक साम्य आहे. राज्याने माणसाविषयी एक शब्द लिहिला, आणि तो शब्द त्याच्या पोटावर, मुलांच्या शिक्षणावर, गावातल्या पतीवर बसला. राज्याला असे शब्द लिहावेच लागतात; त्यावाचून कारभार चालत नाही. म्हणून लिहिणाऱ्याने काय लिहिले एवढेच पाहून चालत नाही. ते पुसून मागण्यास जागा आहे का, त्या जागी बसलेले कान उघडे आहेत का, आणि अर्ज लिहून देणारा कोणी शहाणा मनुष्य त्या शिपायाच्या पाठीशी उभा आहे का, हेही पाहावे लागते. सैन्याची ताकद दौडीवरून मोजावी हे ठीकच आहे. राज्याची न्यायबुद्धी मात्र त्या दौडीत मागे पडलेल्याच्या दाखल्यावर काय लिहिले जाते यावरून मोजावी.