लोखंडाचे चिरोटे

फराळाच्या ताटाशेजारी धातूंच्या गोष्टी कशाला, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. चिरोट्याची सारी खुमारी पदरांत असते, आणि फ्रान्सचे आल्बेर फेर जवळजवळ पंधरा वर्षे ताटकळले ते असल्याच पदरांसाठी. फक्त ते पदर धातूचे हवे होते.

चुंबकाच्या प्रभावाखाली लोखंडाचा विद्युतरोध बदलतो, हे १८५६ साली विल्यम टॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) यांनी दाखवले. फरक मात्र किरकोळ. पुढे १९३६ साली इंग्लंडात नेव्हिल मॉट यांनी मांडले, की लोहचुंबकी धातूत विजेचे जणू दोन प्रवाह असतात. इलेक्ट्रॉनला स्वतःची एक गिरकी असते. एका गिरकीच्या इलेक्ट्रॉनांना वाट मोकळी, तर उलट गिरकीच्यांना पावलोपावली ठेच.

फेर यांनी १९६० नंतरच्या दशकाअखेर निकेलमध्ये परक्या धातूंची चिमूट मिसळून हे पडताळले. मिसळलेले दोन्ही धातू एकाच प्रवाहाला अडवणारे असले, तर दुसरा सुखाने निघून जातो. एक धातू एकाला आणि दुसरा दुसऱ्याला अडवू लागला, की दोन्ही वाटा बंद! मग चिमटीऐवजी थरच रचले तर? शेजारच्या थरांची चुंबकत्वे परस्परविरुद्ध असताना वाट बंद. बाहेरच्या चुंबकाने ती एका दिशेला वळवली की खुली. पण मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतल्या दोन-चार भागांइतकाच पदर जाड हवा. नाहीतर इलेक्ट्रॉन पुढच्या थरात पोचण्याआधीच भरकटतो. असे लाटणे तेव्हा कोणापाशी होते?

ते आले १९८० नंतर. जर्मनीत युलिश येथे पेटर ग्र्यूनबर्ग यांना १९८६ साली आढळले, की लोखंडाच्या दोन थरांत क्रोमियमचा पापुद्रा घातला, की त्यांची चुंबकत्वे आपणहून उलटसुलट उभी राहतात. १९८८ साली दोघांनाही, परस्परांपासून स्वतंत्रपणे, यश आले. ग्र्यूनबर्ग यांच्या तीन थरांत नेहमीच्या तापमानाला रोध शेकडा दीडने बदलला. फेर यांच्या कित्येक थरांत, शून्याखाली २६९ अंशांवर, तो जवळजवळ निम्म्यावर आला. ग्र्यूनबर्ग यांचा आकडा लहान खरा, पण पेटंटचा अर्ज करण्याचे व्यवहारज्ञान त्यांनीच दाखवले.

२००७ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. मॉटनाही १९७७ साली ते मिळाले होते, पण दुसऱ्याच कामासाठी. या पदरांनी माहिती वाचणाऱ्या संगणकाच्या चकत्या १९९७ साली बाजारात आल्या. मॉट आदल्याच वर्षी वारले होते.